स्थळप्रत कुठे आहे?

धानाची मळणी आटोपत आली असेल, अंगणात तणसाचे ढीग लागले असतील. हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज आम्ही लॅपटॉपबद्दल बोलणार आहोत. पण ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही त्यांनी रेडिओ बंद करू नका, कारण ही गोष्ट आपल्या वहीची आहे, आपल्या जंगलाच्या कागदाची आहे, आणि मग लॅपटॉपची आहे.

झालं असं की मागच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत एका बुककीपर ताईने विचारलं, "बाई, लॅपटॉप सुरू व्हाले धा मिनटं लागते. तवरी बाया उठून घरी जाते. काय करू?" तिच्या शेजारची म्हणाली, "आमच्या लॅपटॉपवर सारखं येते, रिकव्हरी डिस्क बनवा, रिकव्हरी डिस्क बनवा. आमी 'नंतर' दाबून देतो. ते असते तरी काय?"

दोन्ही प्रश्न साधे आहेत. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला फार महागात शिकावं लागलं. म्हणून आज जरा मागे जाऊन, मुळापासून सांगतो.

सरकारी कचेरीत अर्ज द्यायला गेलं की जाणती बाई दोन प्रती घेऊन जाते. एक साहेबाला द्यायची, दुसरीवर शिक्का आणि पोच घ्यायची. कचेरीतून पत्र बाहेर जातं तेव्हा त्याची एक प्रत तिथल्याच फाइलीत राहते. तिला म्हणतात स्थळप्रत. मूळ कागद हरवला, भिजला, कोणी नाकारला, तरी स्थळप्रत काढून दाखवता येते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत या दुसऱ्या कागदाची किंमत जेवढी कळली आहे, तेवढी फार कमी ठिकाणी कळली असेल.

इंग्रजांच्या काळात आपला मुलूख मध्य प्रांतात होता, आणि आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांचा बहुतेक भाग एकाच चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. त्या जुन्या चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाच्या बंदोबस्ताचा अहवाल मेजर ल्यूसी स्मिथ या अधिकाऱ्याने १८६९ मध्ये लिहिला. बंदोबस्त म्हणजे कोणाची जमीन किती, सारा किती, याची मोजणी आणि लिखापढी. मध्य प्रांतात गावाच्या चालीरीती लिहून ठेवायचा एक कागद असे, त्याला वाजिब-उल-अर्ज म्हणत. पुढे १९५१ मध्ये मालगुजारी गेली, आणि गावकऱ्यांना घरासाठी लाकूड, कुंपणासाठी बांबू, गुरांसाठी चारा कुठून घेता येईल याची नोंद निस्तारपत्रकात झाली. निस्तार हा शब्द आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे.

आता गंमत अशी की हे कागद आपल्या पूर्वजांच्या हक्काचे होते, पण ते त्यांच्या घरी नव्हते. ते पटवाऱ्याच्या दप्तरात आणि तहसिलीच्या अभिलेख कक्षात होते. जंगलात राहणाऱ्याला माहीत होतं की आपला हक्क आहे. पण नाक्यावर अडवलं की दाखवायला हातात काही नव्हतं. कागद एकच, आणि तो दुसऱ्याच्या कपाटात. हे वाक्य लक्षात ठेवा, लॅपटॉपकडे गेल्यावर ते पुन्हा कामाला येणार आहे.

धानोरा तालुक्यातलं मेंढा गाव तुम्हाला माहीत आहेच. शेजारच्या लेखा गावावरून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. या गावाने काय केलं? त्यांनी अभ्यास गट केले, कायदे वाचले, आपल्या हक्काच्या जुन्या नोंदी शोधल्या, ग्रामसभेच्या बैठकीचं लिहून ठेवायला लागले. २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला आणि २००८ च्या सुरुवातीला त्याचे नियम आले. २००९ मध्ये मेंढा ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना पुन्हा दुसऱ्याच्याच हातात होता. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला सुमारे एक हजार हेक्टरचा हक्क मिळाला. आज अशा कितीतरी ग्रामसभा आपल्या बांबूचा, तेंदूपत्त्याचा हिशेब स्वतः ठेवतात.

त्या वनहक्काच्या नियमांमध्ये पुराव्यांबद्दल एक गोष्ट लिहिली आहे. दावा तपासताना एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे, असं नियमच सांगतो. सरकारी नोंद चालते, जुनी खूण चालते, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून काढलं तर तेही चालतं. म्हणजे एका कागदावर सगळा भार टाकायचा नाही, हे आपल्या हक्कांच्या कायद्यातच आहे.

दुसरी प्रत काढणं पूर्वी फार कष्टाचं होतं. हाताने पुन्हा सगळं उतरवून काढायचं. मग कार्बन कागद आला. इंग्लंडमध्ये राल्फ वेजवूड नावाच्या माणसाने १८०६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. एकदा लिहिलं की खाली दुसरी प्रत आपोआप उमटते. आपल्या पावतीपुस्तकात तोच निळा कागद असतो. वरची पावती फाडून बाईला द्यायची, खालची गटाकडे राहते. त्या पातळ निळ्या कागदाने आजवर किती भांडणं मिटवली असतील याचा विचार करा.

आपले बचत गट याच शिस्तीवर उभे राहिले. १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकेशी जोडायचा कार्यक्रम सुरू केला. १९७५ मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, आणि २०११ पासून उमेद अभियान, यांच्यामुळे गट आपल्या दारापर्यंत आले. पंचसूत्री तर आपल्या पोरांनाही पाठ झाली आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि अद्ययावत लेखे. पाचवं सूत्र शेवटी येतं, पण पहिली चार सूत्रं पाळली हे दाखवायचं असेल तर पाचव्याशिवाय गत्यंतर नाही. बँकेचा साहेब वही बघतो. वही नीट असेल तर कोणतंही तारण न ठेवता बाईला कर्ज मिळतं. आपल्याकडे सातबारा नाही, सोनं नाही, पण वही आहे. वही हेच आपलं तारण.

मग वहीच्या बाजूला लॅपटॉप आला.

आपल्या भागात संगणक शिरला तो एमएस-सीआयटीच्या वर्गांतून. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि त्यानंतरच्या वर्षांत तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग निघाले. बी.ए. करता करता आमच्यातल्या कितीजणींनी एसटीने जाऊन तो कोर्स केला. २०११ मध्ये ग्रामपंचायतीत संग्राम केंद्रं आली. मार्च २०१५ मध्ये नाबार्डने ई-शक्ती नावाने गटांचे हिशेब संगणकावर आणायला सुरुवात केली, त्यात पहिल्या दोन जिल्ह्यांत आपल्या महाराष्ट्राचं धुळे होतं. हळूहळू ग्रामसंघांना लॅपटॉप मिळाले, कुठे सीएसआरमधून, कुठे जुने वापरलेले.

आता या यंत्राचा इतिहास थोडा ऐका, म्हणजे ते 'नंतर' दाबायचं बटण काय आहे ते कळेल.

संगणकाला बटण दाबून जागं केलं की त्याला स्वतःला काहीच आठवत नाही. मी कोण, माझं काम काय, हे त्याला कुठून तरी वाचावं लागतं. मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य संगणकांना ही सुरुवातीची माहिती भरवायला एक स्वस्त, पोस्टाने पाठवता येईल अशी वस्तू हवी होती. म्हणून आयबीएम कंपनीने १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी आणली. म्हणजे फ्लॉपीचा जन्मच मुळी यंत्राला जागं करण्यासाठी झाला. पत्रं आणि हिशेब तिच्यात ठेवायची पद्धत नंतर आली.

१९८१ मध्ये आयबीएमचा छोटा संगणक आला तेव्हा तो सुरू करायला फ्लॉपी घालावी लागे. त्यामुळे लोकांना सवयच होती की मूळ फ्लॉपी कपाटात ठेवायची आणि तिची नक्कल वापरायची. पुढे हार्ड डिस्क आली आणि सगळं यंत्राच्या पोटातच राहायला लागलं. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं, ते फ्लॉपीवर घेतलं तर १३ फ्लॉपी घालाव्या लागत. त्या काळात संगणक घेणाऱ्याला एक स्टार्टअप फ्लॉपी बनवून ठेवायला सांगत. मग सीडी आली. एका सीडीत शेकडो फ्लॉपींचा ऐवज मावायचा. संगणकासोबत विंडोजची सीडी मिळायची, ती दुकानदार प्लास्टिकच्या पाकिटात घालून द्यायचा.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं, आणि त्याच सुमारास संगणक बनवणाऱ्यांनी सीडी द्यायचं हळूहळू बंद केलं. खर्च वाचला. सीडीऐवजी त्यांनी हार्ड डिस्कच्याच एका कोपऱ्यात एक झाकलेला कप्पा केला आणि विंडोजची मूळ प्रत त्यात ठेवली. आणि पहिल्यांदा लॅपटॉप उघडणाऱ्याला पडद्यावर सांगायला लागले: या कप्प्यातली प्रत डिस्कवर उतरवून घ्या. तीच रिकव्हरी डिस्क. कधी तिला सात-आठ सीडी लागत, कधी दोन-तीन डीव्हीडी. कोऱ्या डिस्क आपण विकत आणायच्या, तास-दीड तास बसायचं, प्रत्येकीवर पेनाने क्रमांक टाकायचा. कोण करणार? सगळे 'नंतर' दाबत.

आम्हीही दाबलं.

आमच्या ग्रामसंघाचा लॅपटॉप जुना होता. त्याची बॅटरी गेलेली होती, प्लग लावला तरच चालायचा. आपलं चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं, त्याची वीज कुठल्या कुठे जाते, पण आपल्या पाड्यावर पावसाळ्यात सांजवेळी लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. दरवेळी लॅपटॉप धाडकन बंद पडायचा. हार्ड डिस्कमध्ये एक चकती गरगर फिरत असते आणि तिच्या अगदी जवळून एक बारीक सुई वाचत-लिहीत असते. लिहिता लिहिता वीज गेली की लिहिलेलं अर्धवट राहतं आणि डिस्कलाही मार बसतो. एका जुलैत लाइट गेली, आली, आणि लॅपटॉप उघडेचना. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बस.

दुरुस्तीवाला म्हणाला, डिस्कच गेली. आम्ही म्हटलं, तो झाकलेला कप्पा आहे ना, त्यातून काढा. तो हसला. कप्पा त्याच डिस्कमध्ये होता. मूळ प्रत आणि तिची स्थळप्रत एकाच कपाटात, आणि कपाटच जळालं. तेव्हा आम्हाला निस्तारपत्रक आठवलं नाही, रडूच आलं. पुढे विचार केल्यावर कळलं की चूक तीच होती. आमच्या आज्या-पणज्यांचा कागद दुसऱ्याच्या कपाटात होता, त्याला त्यांचा इलाज नव्हता. आमचं कपाट आमचंच होतं, तरी आम्ही दुसरी प्रत बाहेर काढून ठेवली नाही.

विंडोज नवीन टाकता आलं असतं, त्याला पैसे लागले असते एवढंच. पण खरी गोष्ट हिशेबाची होती. आमच्याकडे पेनड्राइव्हवर एक नक्कल होती, ती पाच महिन्यांपूर्वीची. आणि लॅपटॉप आल्यापासून आम्ही खतावणी हाताने लिहायचं सोडलं होतं. दोनदा कशाला लिहायचं, असं आम्हीच बायांना सांगितलं होतं.

पाच महिन्यांपूर्वीच्या त्या नकलेत एका मावशीच्या नावावर ३,२०० रुपये थकीत दिसत होते. बँकेची फाइल जायची होती, थकीत असलेल्या गटाला कोण कर्ज देणार? बैठकीत कोणीतरी बोलून गेलं, "हिच्यामुळं सगळ्याइचं अडलं." मावशी काही बोलली नाही. उठून घरी गेली. आम्हाला वाटलं रागावून गेली. थोड्या वेळाने ती परत आली, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं आपलं पासबुक घेऊन. त्यात चारही हप्त्यांच्या नोंदी होत्या, तारखेसह, सहीसह. ती म्हणाली, "बाई, वहीले लाइट नाई लागत." तिला लिहिता-वाचता येत नाही. पण दर महिन्याला पासबुकवर सही झाल्याशिवाय ती जागची हलायची नाही, याची आम्ही कधीकधी थट्टा करत होतो.

बाकीच्या बायांची पासबुकं अशी पूर्ण नव्हती, कारण लॅपटॉपमध्ये आहे ना म्हणून आम्हीच ती भरायची टाळलेली. मग तीन संध्याकाळ आम्ही सगळ्या अंगणात बसलो. इतिवृत्त वहीत दर बैठकीला एकूण किती जमा झालं तेवढं होतं. बँकेच्या पासबुकात भरणा होता. त्या बेरजा समोर ठेवून एकेक बाई आठवून सांगायची, दुसरी दुजोरा द्यायची: मोहाचे पैसे आले तेव्हा भरले होते. वनहक्काच्या दाव्यात म्हाताऱ्यांचं सांगणं लिहून घेतात, तसंच ते होतं. हिशेब जवळपास जुळला. एकीच्या दोन हप्त्यांचा मेळ लागला नाही. तिने भरले असं ती सांगते, आठवण दुसऱ्या कोणाला नव्हती. गटाने ते भरलेले मानले. पण त्या दिवसापासून ती बैठकीत थोडी मागे बसते. यंत्र दुरुस्त झालं, ही गोष्ट दुरुस्त व्हायला वेळ लागतो. म्हणून आम्ही सांगतो की रिकव्हरी डिस्क हा फक्त संगणकवाल्यांचा विषय नाही. बाईची पत तिच्यावर टांगलेली असते.

आता ती डिस्क आज कशी बनते ते सांगतो. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून डीव्हीडी लागत नाही, पेनड्राइव्हवर काम होतं. पेनड्राइव्ह निदान १६ जीबीचा घ्या, नवीन लॅपटॉप असेल तर ३२ जीबीचा. त्यात आधीचं काही असेल तर ते सगळं पुसलं जाईल, म्हणून कोराच घ्या. लॅपटॉपच्या शोधायच्या जागी 'रिकव्हरी ड्राइव्ह' असं इंग्रजीत टाइप करा. जी चौकट उघडेल त्यात सिस्टिमच्या फाइलींची प्रत घ्यायची खूण राहू द्या. मग तासभर किंवा जास्त वेळ लागेल, तोवर प्लग काढायचा नाही, म्हणून लाइट जात नाही अशा वेळी बसा. झालं की पेनड्राइव्हला दोरा बांधा, चिठ्ठीवर तारीख लिहा आणि लॅपटॉपच्या पिशवीत नाही, दुसऱ्या घरी ठेवा. वर्षातून एकदा नवीन बनवा. आणि हे लॅपटॉप चांगला असतानाच करायचं असतं. घराला आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

एक मोठा गैरसमज मात्र काढून टाका. या डिस्कमध्ये तुमचे हिशेब नसतात. तिच्यात फक्त यंत्राला पुन्हा उभं करायचं सामान असतं. घर पुन्हा बांधता येईल, पण घरातलं धान्य वेगळं सांभाळायचं. हिशेबाची नक्कल वेगळ्या पेनड्राइव्हवर, दर बैठकीनंतर. नवीन लॅपटॉप असेल तर आणखी एक: पुष्कळ नव्या यंत्रांत माहिती आपोआप कुलूपबंद असते, आणि काही बिघडलं की ते ४८ अंकी किल्ली मागतं. ती किल्ली मिळवून कागदावर लिहा आणि ग्रामसंघाच्या पेटीत ठेवा. बघा, एवढं नवं यंत्र आणि शेवटी कागदच.

आता पहिल्या ताईचा प्रश्न, सुरू व्हायला दहा मिनिटं का लागतात. याचाही इतिहास आहे. डॉसच्या काळात 'ऑटोएक्झेक' नावाची एक छोटी फाइल असे. संगणक जागा झाल्यावर काय काय करायचं याची ती यादी. मालकाने लिहिलेली, मालकाला वाचता येणारी. विंडोज ९५ मध्ये 'स्टार्टअप' नावाची पेटी असे, तिच्यात ठेवलेला प्रोग्राम आपोआप उघडायचा. पण त्याबरोबर लपून आत शिरायच्या आणखी वाटाही झाल्या. मग प्रत्येक नवा प्रोग्राम न विचारता स्वतःचं नाव त्या यादीत घालायला लागला. प्रिंटरवाला, गाणीवाला, व्हिडिओ कॉलवाला, सगळे म्हणतात आम्ही पहाटेच उठणार. एका चुलीवर पंधरा जणी एकदम भाकरी टाकायला बसल्या तर काय होईल? तेच होतं.

१९९८ मध्ये विंडोज ९८ सोबत 'एमएस-कॉन्फिग' आलं, त्यात ती यादी पाहून खूण काढता यायची. विंडोज ८ पासून हे काम टास्क मॅनेजरमध्ये गेलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, 'स्टार्टअप' वर जा. प्रत्येक नावापुढे लिहिलेलं असतं की सुरुवातीला तो किती भार टाकतो, जास्त, मध्यम की कमी. ज्याची सकाळीच गरज नाही त्याच्यावर उजवं बटण दाबून 'डिसेबल' करा. प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त आपण हाक मारू तेव्हा उठेल.

पण इथेही घाई नको. आमच्यातल्या एका पोरीने उत्साहाने सगळीच नावं बंद केली. लॅपटॉप भराभर उघडायला लागला, आम्ही खूश. आणि मराठी टाइप करायला बसलो तर एकही अक्षर उमटेना. आमचा मराठी कीबोर्डचा जुना प्रोग्रामही त्याच यादीत होता. मराठीसाठी वेगळे प्रोग्राम का लागले? कारण सुरुवातीचे संगणक इंग्रजीसाठी बनले होते. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, तिथे भारतीय भाषांसाठी काम झालं, त्यातून आयएसएमसारखे प्रोग्राम आले. कितीतरी कचेऱ्यांत वेगवेगळ्या फॉन्टवर मराठी टाइप होत राहिली. मग युनिकोड आलं. विंडोज २००० पासून देवनागरी विंडोजमध्येच आली, मंगल फॉन्टसह. म्हणून कीबोर्डचा प्रोग्राम, विषाणू रोखणारा प्रोग्राम आणि आवाजाचा प्रोग्राम चालू ठेवा. एका वेळी एकच नाव बंद करा, दोन दिवस बघा, मग दुसरं.

या फॉन्टमधून आम्हाला आणखी एक धडा मिळाला. जुन्या फॉन्टमध्ये केलेली आमची एक नक्कल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली. नक्कल होती, पण वाचता येत नव्हती. जी प्रत वाचता येत नाही ती प्रत नव्हे. म्हणून आता आम्ही सगळं युनिकोडमध्येच लिहितो, आणि तीन महिन्यांतून एकदा पेनड्राइव्ह दुसऱ्याच कोणाच्या लॅपटॉपला लावून उघडतो का ते बघतो.

आता आमच्या ग्रामसंघाने ठराव केला आहे. खतावणी हातानेही लिहायची. पासबुकवर सही झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. हिशेबाचा पेनड्राइव्ह अध्यक्षांच्या घरी, रिकव्हरीचा सचिवांच्या घरी, लॅपटॉप कार्यालयात. तीन वस्तू, तीन छपरांखाली. आणि महिन्याच्या बैठकीत, बचत मोजून झाली की अध्यक्ष एक प्रश्न विचारतात: "स्थळप्रत कुठे आहे?" जिच्याकडे असेल ती हात वर करते. पहिल्यांदा बायांना हसू यायचं. आता कोणी हसत नाही. आणि ज्या मावशीची आम्ही थट्टा केली, तिलाच आम्ही पासबुकं तपासायचं काम दिलं आहे. तिला अंक ओळखता येतात, सह्या ओळखता येतात, तेवढं पुरतं.

तर मैत्रिणींनो, आज रात्री पडद्यावर ते विचारणं आलं, तर 'नंतर' दाबू नका. आणि लॅपटॉप नसेल तर पेटीतलं पासबुक काढून बघा, शेवटची सही कोणत्या महिन्याची आहे. मागची राहिली असेल तर पुढच्या बैठकीत आधी ती घ्या, मग चहा.